गर्दीत उभं राहिलेला माणूस

कॉलेजात असताना माझी सायकल चोरीला गेली. वाचनालयाबाहेर लावली होती. येऊन पाहतो तो जागा रिकामी. दोन दिवसांनी शेजारच्या आळीत पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा दुसऱ्याच कुणाची सायकल नेताना सापडला. लोकांनी त्याला घेरलं, बडवलं. मीही त्या गर्दीत होतो. मी हात उचलला नाही, पण कुणाचा धरलाही नाही. 'माझीही यानंच नेली असणार,' असं मनाशी म्हणत उभा राहिलो आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

पुढं काही वर्षांनी एका फिल्म सोसायटीत 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला. व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा हा इटालियन चित्रपट. दुसऱ्या महायुद्धानंतरचं रोम. अंतोनिओ रिची या बेकार माणसाला पोस्टरं चिकटवण्याचं काम मिळतं, पण स्वतःची सायकल हवी अशी अट असते. सायकल तर गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गोळा करते, त्या गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते! लहानग्या ब्रुनोला बरोबर घेऊन अंतोनिओ शहर पालथं घालतो. शेवटी हताश होऊन तो स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. लोक त्याला मारत असतात आणि मुलगा रडत रडत बापाला बिलगत असतो. त्या पोराकडे पाहून सायकलचा मालक अंतोनिओला सोडून देतो. मग बापलेक चालू लागतात आणि ब्रुनो हळूच बापाचा हात धरतो.

त्या दृश्यात मला आमच्या शेजारची आळी दिसली.

दे सिका यांनी हे कसं साधलं? चोरी वाईट की परिस्थिती वाईट, याची चर्चा ते करत नाहीत. एका सायकलीची किंमत किती चादरी, एवढंच दाखवतात. चित्रीकरण खऱ्या रस्त्यांवर केलेलं. अंतोनिओची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे नट नव्हते, कारखान्यातले कामगार होते. त्यामुळे अंतोनिओ पकडला जातो, तेव्हा मारणाऱ्यांना जे ठाऊक नसतं ते सगळं आपल्याला ठाऊक असतं. माझ्या आळीतल्या गर्दीला त्या पोराबद्दल काहीच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. चांगली कलाकृती ही उणीव भरून काढते.

१९५२ साली भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तेव्हा हा चित्रपट तिथं दाखवला गेला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. रोमच्या सायकलीच्या जागी कलकत्त्याची हातरिक्षा आली. बाप आणि मुलगा तसेच राहिले.

मग 'माणूस इथूनतिथून सारखाच' असं म्हणून मोकळं व्हायचं का? तसं म्हणवेना, ते दया पवारांच्या 'बलुतं'मुळे. १९७८ साली आलेल्या या आत्मकथनात लेखक दया पवार हे दगडू मारुती पवार नावाच्या माणसाची कहाणी ऐकतात. दोघं एकच आहेत. एक शिकून शहरात स्थिरावलेला, दुसरा गावकुसाबाहेरचं सगळं अंगावर वागवणारा. एकाच माणसाचे असे दोन तुकडे का व्हावेत? हे पुस्तक वाचताना 'मीही असाच' असं माझ्यासारख्याला सहज म्हणता येत नाही. दगडूच्या बाजूला बसायला जावं, तर आपली जागा समोरच्या गावात आहे हे लक्षात येतं. त्या गावातली माणसं कुणी राक्षस नव्हती. आपापल्या घरात प्रेमळ असणारी, लेकरांना जीव लावणारीच होती. तीही माझ्यासारखीच, हे कबूल करणं जास्त जड जातं. माणुसकीचं नातं सांगायचं तर या बाजूनंही सांगावं लागतं.

आणि कबूल केल्यानंतर काय? अकिरा कुरोसावा यांच्या 'इकिरू' या १९५२ च्या जपानी चित्रपटात कांजी वातानाबे हा सरकारी कचेरीतला विभागप्रमुख आहे. वर्षानुवर्षं त्यानं कागदांवर शिक्के मारले. गलिच्छ पाणी साचलेल्या जागेवर बाग करा, म्हणून आलेल्या बायांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं जातं. ते आपल्याला सांगायला नकोच! पोटाचा कर्करोग झाल्याचं कळल्यावर वातानाबे त्या एका बागेमागे लागतो आणि ती पुरी करून मरतो. त्याच्या मरणानंतर जमलेले सहकारी दारूच्या अमलाखाली गहिवरतात, आपणही असंच काम करू अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते, नवा अर्ज येतो आणि तो पुन्हा दुसऱ्या टेबलाकडे धाडला जातो.

चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडताना मला हे सहकारी आठवतात. पडद्यावरच्या चोरासाठी रडणं सोपं असतं. तिथं आपल्याला कुणाचा हात धरायचा नसतो. हल्ली मारहाणीची दृश्यं मोबाइलवर येतात. टिपणारा त्या गर्दीतच उभा असतो आणि पाहणारे आपण तिच्या मागच्या रांगेत.

त्या पोराचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. माझी सायकल त्यानं नेली होती की नाही, हेही कधी कळलं नाही. पण आता कुठं घोळका दिसला आणि आरडाओरडा ऐकू आला, की पाय आधी थबकतात आणि मग पुढं जातात. 'काय झालं?' एवढं तरी विचारतो. प्रत्येक वेळी उपयोग होतोच असं नाही. एकदा मात्र मारणाऱ्यांपैकी एकजण माझ्याकडे वळला आणि काय झालं ते सांगू लागला. तेवढ्या वेळात त्याचा हात खाली आला होता.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)