मुलाचा गुन्हा आणि कायद्याची नजर
अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला की कायदा त्याला मोकळा सोडतो, अशी ओरड होते. ती निराधार आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. तेथे एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. परिविक्षा अधिकारी मुलाचे घर, शाळा व संगत यांचा अहवाल देतो. त्यावरून समुपदेशन, देखरेख वा कमाल ३ वर्षे विशेष गृह ठरते. सोळा वर्षांवरील मुलाने किमान ७ वर्षे शिक्षेचा गुन्हा केल्यास मूल्यमापनानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. तेव्हा खरी मदार अहवालावर आहे. तो रकाने भरण्यापुरता उरला, तर कायदा शाबूत राहील आणि मूल हरवेल.