उपधा आणि उपान्त्य : दोन व्याकरणिक संज्ञांचा अर्थ व उगम

प्रस्तावना :
मराठी शुद्धलेखनाच्या नियमांत 'उपान्त्य' ही संज्ञा वारंवार येते. संस्कृत व्याकरणातील 'उपधा' ही तिच्या निकटची, परंतु अल्पपरिचित संज्ञा होय. दोहोंचा अर्थ 'शेवटच्या आधीचा' असा सांगितला जात असल्याने त्या समानार्थी मानल्या जातात. वस्तुतः दोहोंतील मोजणीचे एकक भिन्न आहे.

उपधा :
'उप' (जवळ) आणि 'धा' (ठेवणे) यांपासून हा शब्द सिद्ध होतो. पाणिनीने अष्टाध्यायीत (१.१.६५) अन्त्य वर्णाच्या लगतपूर्व वर्णास ही संज्ञा दिली. यास्काच्या निरुक्तातही उपधेच्या विकाराचा निर्देश आहे. येथे एकक वर्ण हे आहे. मग तो स्वर असो वा व्यंजन. 'बुध्' या धातूत उ ही उपधा असून तिला गुण होऊन 'बोध' हे रूप होते. 'पठ्' मधील उपधा अकाराची वृद्धी होऊन 'पाठ' होते. 'नदी' शब्दात मात्र उपधा द् हे व्यंजन ठरते.

उपान्त्य :
'उप' आणि 'अन्त्य' यांच्या संधीने हा शब्द बनतो. मराठी लेखननियमांत त्याचे एकक अक्षर हे आहे. म्हणून 'नदी' मधील उपान्त्य अक्षर 'न' होय. १९६२ च्या शासनमान्य नियमांनुसार मराठी अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहितात : फूल, गरीब. सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतात : फुलाला, गरिबाला. तत्सम शब्द यास अपवाद आहेत : गुण, विष यांतील उपान्त्य स्वर ऱ्हस्वच राहतो, तर शरीराला, दूताला येथे तो दीर्घच राहतो.

दोहोंचा संबंध :
'फूल' शब्दातील अन्त्य अकार मराठी उच्चारात लोप पावतो आणि 'फूल्' असा उच्चार होतो. म्हणजे लेखनात जो ऊकार उपान्त्य आहे, तोच उच्चारात उपधा ठरतो. व्यंजनान्त उच्चारातील हा शेवटचा स्वर लांबतो. सामान्यरूपात पुढे आकार आल्याने त्याचे हे स्थान बदलते व तो आखूड होतो.

समारोप :
हा नियम विद्यार्थ्यांस केवळ पाठ करावयाचा जाच वाटतो आणि उत्तरपत्रिकांत त्याच त्या चुका आढळतात. अध्यापनात लिखित अक्षर व उच्चारित वर्ण यांतील भेद प्रथम स्पष्ट केल्यास मराठी शब्दांपुरता तरी हा नियम उच्चारावर आधारित असल्याचे त्यांच्या ध्यानी येईल. तत्सम अपवाद तेवढे स्वतंत्रपणे शिकवावे लागतील.