पोत्यातील स्निग्धांश आणि पेल्यातील दूध

कायदे वाचण्याची सवय आपल्याकडे वकिलांखेरीज फारशी कोणास नसते. तरीही २००६ सालच्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचे तिसरे कलम वाचकांनी एकदा अवश्य नजरेखालून घालावे. 'अन्न' या शब्दाची व्याख्या तेथे केलेली आहे. मनुष्याच्या सेवनासाठी असलेला पदार्थ म्हणजे अन्न, असे सांगून झाल्यावर कशाकशाला अन्न म्हणू नये याची जी यादी येते, तीत पशुखाद्य आहे. तर्कदृष्ट्या यात वावगे काही नाही. म्हशीचे आंबोण आपण खात नाही. परंतु ते म्हैस खाते, म्हशीचे दूध आपण पितो, आणि दुधातील स्निग्धांशाचा काही भाग आंबोणातील स्निग्धांशापासूनच बनलेला असतो. कायद्याने ओढलेली ही रेघ म्हशीच्या पोटास ठाऊक नाही.

कल्याण पश्चिमेस खाडीच्या बाजूला म्हशींचे तबेले आहेत. कल्याण-डोंबिवलीतील अनेक घरांतला सकाळचा चहा अद्याप अशा सुट्या दुधावर होतो. मध्यंतरी एका तबेल्याच्या मालकांशी बोलण्याचा योग आला. पोत्यावर छापलेले घटक आपण वाचता काय, असे विचारले असता ते हसून म्हणाले, "सर, पोते मी वाचत नाही, म्हैस वाचते. दोन दिवसांत फॅट सांगते." उत्तर अडाणीपणाचे नव्हे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ते पूर्णतः विवेकी वाटावे. सहकारी संस्था असो वा खासगी डेअरी, दुधाचा दर फॅटवर ठरतो. दर ज्यावर ठरतो तेच वाढविण्याकडे उत्पादकाचा कल राहणार. शिवाय शहरी तबेल्याची रीतच अशी की, नुकतीच व्यायलेली म्हैस विकत आणावी, एका वेताचे दूध काढावे आणि ती भाकड झाली की विकून टाकावी. दहा वर्षांनंतर तिच्या यकृताचे काय होणार, ही चिंता अशा व्यवहारात बसत नाही.

या कलापायीच पेंड, चुणी, भुसा यांच्या जोडीला आता बायपास फॅट आले आहे. नाव परके असले तरी कल्पना सोपी आहे. म्हशीला नुसते तेल अधिक पाजले तर तिच्या कोटीपोटातील तंतू पचविणारे जिवाणू मंदावतात आणि चारा पचेनासा होतो. म्हणून स्निग्धाम्लांची कॅल्शियमशी संयुगे करतात. एका परीने तो साबणच. तो कोटीपोटात बव्हंशी तसाच राहतो व पुढे चौथ्या, आम्लयुक्त पोटात सुटतो. दुभत्या जनावरास दिवसाकाठी १०० ते २०० ग्रॅम पुरतात. शास्त्र निर्दोष आहे आणि नुकत्याच व्यायलेल्या, खंगलेल्या जनावरास त्याचा खराच लाभ होतो. माझी तक्रार या द्रव्याविरुद्ध नाही. ते कोठून येते याविषयी आहे.

त्याचा एक मोठा स्रोत म्हणजे पाम तेल शुद्ध करताना वेगळा काढलेला स्निग्धाम्लांचा अंश. हाच अंश साबणाच्या कारखान्यातही जातो. तेलातील नको असलेले पदार्थ काढण्यासाठीच शुद्धीकरण असते. साहजिकच कीटकनाशकांचे अवशेष, डायॉक्सिन यांसारखी मेदात विरघळणारी द्रव्ये मूळ तेलात असलीच, तर ती या अंशात एकवटतात. तेल जितके स्वच्छ, तितका उरलेला भाग संशयास्पद, असा हा उलटा हिशेब आहे.

हा धोका कल्पनेतला नव्हे. अमेरिकेत १९५७ साली दूषित चरबी घातलेल्या खाद्याने लक्षावधी कोंबड्या मेल्या. बेल्जियममध्ये १९९९ च्या जानेवारीत, पशुखाद्यासाठी गोळा केलेल्या जुन्या चरबीच्या टाकीत ट्रान्सफॉर्मरचे तेल मिसळले गेले. सुमारे ५० किलो पीसीबी आणि जेमतेम १ ग्रॅम डायॉक्सिन देशभरच्या खाद्यात पसरले. एप्रिलअखेर अधिकाऱ्यांस कारण कळले होते. जनतेस मेअखेर कळले. जूनमध्ये दोन मंत्री गेले आणि त्याच महिन्याच्या निवडणुकीत पंतप्रधान देहाने यांचे सरकारही गेले. २०१० च्या अखेरीस जर्मनीत औद्योगिक उपयोगाची स्निग्धाम्ले खाद्याच्या चरबीत मिसळल्याचे उघडकीस आले आणि चार हजारांहून अधिक शेतांवरील विक्री थांबवावी लागली. डायॉक्सिन मनुष्याच्या मेदात शिरले की निम्मे होण्यासच सात वर्षे वा त्याहून अधिक काळ घेते. दूध उकळून ते जात नाही.

आपल्याकडे १९८३ साली वनस्पती तुपात गोचरबी मिसळल्याच्या आरोपांनी देश ढवळून निघाला होता. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना हेही आठवेल की, तेव्हाचा क्षोभ मुख्यत्वे धर्मभावनेचा होता. चरबी कोणत्या प्राण्याची, एवढेच आपण विचारले. ती कोणत्या टाकीतून, कोणत्या टँकरमधून आली, हा प्रश्न तेव्हा दुय्यम राहिला आणि आजही तसाच आहे.

आपल्याकडे नियम मुळीच नाहीत असेही नाही. भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. २०५२ हे मानक गुरांच्या संमिश्र खाद्यासाठी आहे. त्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोस २० मायक्रोग्रॅम अशी घातली आहे. स्निग्धांश किमान किती हवा तेही त्यात आहे. मात्र टक्केवारी हा केवळ आकडा, त्यावरून उगम कळत नाही. २०१९ च्या डिसेंबरात अन्न प्राधिकरणाने दुधाच्या व मांसाच्या नियमांतून वाट काढून खाद्यावर मानकचिन्हाची सक्ती करू पाहिली, तेव्हा मुदत पुढे ढकलण्याची पाळी आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. हे विष पेंडीच्या बुरशीतून येते, गवळ्याच्या पाण्यातून नव्हे. आपण मात्र लॅक्टोमीटर हाती घेऊन पाणीच शोधत बसतो.

डोंबिवली-अंबरनाथच्या पट्ट्यात राहणाऱ्यांस या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. एकाच रस्त्यावर रासायनिक कारखाने, तळणीच्या कढया आणि तबेले आहेत. २०१८ च्या जुलैपासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांस २५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि दिवसास ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवावयाची आहे. स्थानकाबाहेरचा वडापाववाला या नोंदवहीत बसत नाही. त्याचे काळे तेल कोणी तरी विकत नेतो. त्याचा साबण होतो की जैवइंधन की आणखी काही, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. बेल्जियममध्येही आरंभ जुन्या तेलाच्या अशाच गोळाबेरजेतून झाला होता.

युरोपने २०१२ साली जो नियम केला तो म्हणून मला मोलाचा वाटतो. खाद्याच्या चरबीचे मिश्रण करणाऱ्या प्रत्येक कारखान्यास मान्यता घ्यावी लागते, औद्योगिक व खाद्याची चरबी साठवणीत आणि वाहतुकीत वेगळी ठेवावी लागते, आणि डायॉक्सिनची चाचणी गोठ्यात नव्हे तर उगमाशी होते. यातले शहाणपण आर्थिक आहे. समजा, १० टनांचा एक टँकर आहे. दिवसास १५० ग्रॅम या दराने तो १,००० म्हशींना दोन महिन्यांहून अधिक पुरेल. म्हशीमागे १० लिटर दूध धरले तर साडेसहा लाख लिटरांहून जास्त दूध त्यावर निघेल. चाचणीस ५० हजार रुपये पडतात असे गृहीत धरा. लिटरामागे साडेसात पैसे झाले. हीच तपासणी तबेल्यातबेल्यांत करू म्हटले तर ना प्रयोगशाळा पुरतील ना पैसा.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे मांडले, ते वर्गात शिकवताना मी हल्ली पोत्याचेच उदाहरण देतो. माल कसा आहे हे विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असले, की चांगल्या मालास किंमत येत नाही व तो बाजारातून उठतो. चांगले बायपास फॅट करणारा कारखानदार आज याच कात्रीत आहे. चाचणीचा खर्च तो करील, परंतु त्याचे पोते शेजारच्या पोत्याहून वेगळे दिसणार नाही.

त्या तबेल्याच्या मालकांस मी हा साडेसात पैशांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "ते ठीक आहे सर, पण कोणत्या पोत्याची चाचणी झाली आहे ते मला दुकानात कसे कळणार?" पोते उलटसुलट करून आम्ही दोघांनी पाहिले. स्निग्धांशाची टक्केवारी ठळक अक्षरांत होती. स्निग्धांश कशाचा, याचा उल्लेख नव्हता.