ड्रॅग वीक : सहा सेकंदांची शर्यत आणि १,६०० किलोमीटरचा प्रवास

मुंबईहून अहमदाबादकडे निघालात की चारोटी नाक्यानंतर थोड्याच अंतरावर विवळवेढे लागतं. डहाणूच्या महालक्ष्मीचं गाव. चैत्रात इथे यात्रा भरते, तेव्हा ट्रक, कंटेनर, एसटी, सहा आसनी रिक्षा आणि पायी निघालेले भाविक असे सगळे एकाच हायवेच्या आसपास असतात.

आता कल्पना करा, या गर्दीत पहिल्या गिअरवर हळूहळू सरकणारी एक जुनी अमेरिकन गाडी आहे. इंजिन हजार हॉर्सपॉवरच्या पुढचं. मागे छोटा ट्रेलर आणि त्यात टायर, जॅक, पाने, तेलाचे डबे. काल ती ट्रॅकवर शर्यत धावली, उद्या दुसऱ्या ट्रॅकवर धावणार आहे. मधलं अंतर तिला तुमच्या-आमच्यासारखंच रस्त्यावरून कापायचं आहे.

अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या ‘ड्रॅग वीक’मध्ये हेच घडतं. सोशल मीडियावर या गाड्यांचे व्हिडिओ भरपूर फिरतात. पण त्यातले बहुतेक सहा-सात सेकंदांचे असतात. खरी गोष्ट त्या सेकंदांनंतर सुरू होते.

हॉट रॉड म्हणजे काय?

१९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड आणि जादा पत्रा काढून वजन कमी करायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर पळवायची. त्या गाड्या म्हणजे हॉट रॉड. दुसऱ्या महायुद्धानंतर हे वेड वाढलं आणि शर्यती शहरातल्या रस्त्यांवर आल्या. अपघात व्हायला लागले, पोलीस मागे लागले.

यावर उपाय निघाला तो रस्ता सोडण्याचा. १९५०मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या एका धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. नियम, तपासणी, सुरक्षिततेची साधनं आली. म्हणजे आजचं ड्रॅग रेसिंग जन्मालाच आलं ते शर्यत सार्वजनिक रस्त्यावरून हटवण्यासाठी.

मग ड्रॅग वीक कशासाठी?

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीने सुरुवात करून सरळ पाव मैल, साधारण ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापणं. पुढे गाड्या इतक्या खास बनत गेल्या की त्या ट्रकवर चढवून ट्रॅकवर आणायच्या, काही सेकंद पळवायच्या आणि परत ट्रकवर चढवायच्या, असं होऊन बसलं. रस्त्यावर चालणारी हॉट रॉड मागे पडली.

तरीही ‘माझी गाडी रोजच्या वापरातली आहे’ असं सांगणारे होतेच. त्या दाव्याची परीक्षा घ्यायला ‘हॉट रॉड’ मासिकानेच २००५मध्ये ड्रॅग वीक सुरू केला. नियम साधारण असे :

- पाच दिवस, रोज शर्यत. दिवसातली तुमची सर्वांत चांगली वेळ नोंदवायची.
- एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर ठरवून दिलेल्या मार्गानेच जायचं. एकूण प्रवास सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते अहमदाबाद तीन वेळा.
- गाडी ट्रकवर चढवली की बाद. मदतीची गाडी मागे ठेवायची नाही. सामान गाडीत किंवा तिच्यामागच्या छोट्या ट्रेलरमध्ये.
- वाटेत ठरलेल्या ठिकाणी गाडीचा फोटो काढून पुरावा द्यायचा.
- नंबर प्लेट, नोंदणी आणि विमा हवाच.

पाच दिवसांच्या वेळांची सरासरी ज्याची सर्वांत कमी, तो आपल्या गटात जिंकतो. इथे आधी कोण पोहोचलं याला महत्त्व नाही. घड्याळही गाडी जागची हलल्यावर सुरू होतं, त्यामुळे हिरवा दिवा पकडायला उशीर झाला तरी नोंदवलेल्या वेळेवर परिणाम होत नाही. पण एका दिवसाची वेळ हुकली की सरासरीच लागत नाही. चार दिवस आठ सेकंदांत धावून पाचव्या दिवशी बंद पडलेल्या गाडीपेक्षा पाचही दिवस बारा सेकंदांत धावलेली गाडी वरचढ ठरते.

अवघड काय आहे त्यात?

उष्णता. काही सेकंद धावणाऱ्या इंजिनाला मोठा रेडिएटर नसला तरी चालतं. तेच इंजिन उन्हात तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलं की पाणी उकळायला लागतं.

इंधन हा दुसरा प्रश्न. जास्त ताकदीसाठी सिलिंडरमधला दाब वाढवतात, त्याला जास्त ऑक्टेनचं इंधन लागतं. साध्या पंपावरचं पेट्रोल तिथे वेळेआधी पेटतं आणि पिस्टनचं नुकसान होतं. म्हणून अनेक जण ट्रॅकसाठी आणि रस्त्यासाठी इंजिनाचं ट्यूनिंग वेगवेगळं ठेवतात.

गिअर आणि टायरचंही तसंच. झटक्यात वेग घेणारे गिअर हायवेवर इंजिनाला सतत जास्त फिरवतात. शर्यतीचे मऊ टायर लांबच्या रस्त्यावर झिजतात, म्हणून ट्रॅकवर पोहोचल्यावर टायर बदलायचे आणि निघताना पुन्हा बदलायचे. काही बिघडलंच तर रात्री पेट्रोल पंपाच्या कडेला, टॉर्चच्या उजेडात, स्वतःच दुरुस्ती. शेजारी मदतीला बसलेला माणूस अनेकदा उद्याचा प्रतिस्पर्धी असतो.

२०१९मध्ये टॉम बेली यांनी आपल्या १९६९च्या कमॅरोतून ड्रॅग वीकमध्ये ५.९९ सेकंदांची वेळ दिली. या स्पर्धेत सहा सेकंदांच्या आत येणारी ती पहिली गाडी. उभ्या गाडीने सुरुवात करून ताशी सुमारे २४० किलोमीटरची सरासरी, आणि तीही आठवडाभर रस्त्यावरून प्रवास करून.

आपल्याकडे असं काही आहे का?

हुबेहूब नाही. ड्रॅग रेस मात्र आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा होते. नाशिकच्या परिसरात कार रॅली झाल्या आहेत. रॅलीत वेगाचे टप्पे बंद रस्त्यावर असतात आणि मधला प्रवास वाहतुकीचे नियम पाळून करावा लागतो. ड्रॅग वीकचं तत्त्वही तेच.

गाडीतल्या बदलांबाबत आपला कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेला मूळ तपशील बदलेल असे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीबद्दल आहे. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘स्ट्रीट’चा अर्थ

‘स्ट्रीट कार’ हा शब्द ऐकून अनेकांना वाटतं की या गाड्या रस्त्यावर शर्यत लावतात. ड्रॅग वीकमध्ये रस्त्यावर वेग दाखवून एक गुणही मिळत नाही. रस्त्यावर फक्त टिकायचं असतं.

विवळवेढ्याच्या हायवेवर हा फरक जीवन-मरणाचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. ती शर्यत नव्हती, साधा प्रवास होता. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. महालक्ष्मीच्या दर्शनाला रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे सहा सेकंद नसतात.

गाडीचा वेग मोजायचाच असेल तर धावपट्टी आहे. पुढच्या वेळी रीलमध्ये हजार हॉर्सपॉवरची गाडी दिसली, तर एवढंच विचारा : ही रांगेत तासभर उभी राहून, एकही पाना न लावता घरी पोहोचेल का?