किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडा

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या शिवारात सोयाबीन निघाले आणि रब्बीची ज्वारी पेरून झाली, की ट्रॅक्टरला जरा उसंत मिळते. त्याच सुमारास, दसरा-दिवाळीनंतर, आपल्या भागातली कितीतरी घरे ऊसतोडीला बाहेर पडतात. दारातली जीप झाकून ठेवली जाते, पाण्याच्या इंजिनावर बारदान पडते, आखाड्याला कुलूप लागते. माणसे परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. मधले चार-पाच महिने यंत्र रिकामे उभे होते, असे आपण समजतो. पण ते रिकामे नसते. आत उंदरांनी संसार थाटलेला असतो.

परत आल्यावर माणसाला घाई असते. बॅटरी जोडायची, किल्ली फिरवायची आणि वावराकडे निघायचे. शेतकरी बंधू-भगिनींनो, नुकसान होते ते बहुतेक याच घाईत. उंदराने केलेली खोडी लहानच असते. ती न पाहता इंजिन चालवले, की ती मोठी होते.

गावात पाहिलेला एक प्रकार सांगतो. ट्रॅक्टर हिवाळाभर कडब्याच्या बनमीलगत उभा होता. उन्हाळ्यात सुरू केला, सुरू झाला, कुणाला काही शंका आली नाही. एअर क्लिनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला मात्र खालच्या अंगाला रुपयाएवढे भोक पडले होते. उन्हाळाभर नांगरटीची काळी धूळ क्लिनरला वळसा घालून त्या भोकातून थेट सिलिंडरात गेली. पेरणीच्या तोंडावर इंजिन धूर टाकू लागले, ऑईल पिऊ लागले. उघडून पाहिले तर रिंगा आणि लायनर झिजलेले. उंदराने खाल्ले किरकोळ किमतीचे रबर. इंजिन खाल्ले ते धुळीने. आणि ऐन पेरणीत भाड्याचा ट्रॅक्टर शोधण्याची पाळी आली ती वेगळीच.

उंदीर इंजिनात का शिरतो?

त्याला तीन गोष्टी हव्या असतात : आडोसा, ऊब आणि जवळपास दाणा. उभे राहिलेले यंत्र आडोसा देते. रोज चालणारे वाहन रात्री ऊब देते, म्हणून वापरातल्या गाडीतही तो थंडीच्या दिवसांत येतो. आणि दाणा आपणच पुरवतो. शेजारी धान्याची पोती, पेंडीचे पोते, कडब्यातली राहिलेली कणसे, मळणीनंतर ट्रॅक्टरच्या सांदीकोपऱ्यांत अडकलेले सोयाबीन. दाणा नसेल तर नुसत्या आडोशासाठी तो फार दिवस टिकत नाही.

वायर तो पोट भरण्यासाठी कुरतडत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्या दातांवर कठीण आवरण फक्त पुढच्या बाजूला असते, त्यामुळे मागची बाजू आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. हे दात झिजवण्यासाठी, वाट करण्यासाठी आणि घरट्याला मऊ सामान मिळवण्यासाठी तो दिसेल ते कुरतडतो. लाकूड, प्लॅस्टिक, रबर, सीटचा फोम, काही सोडत नाही.

हल्ली एक बोलवा कानावर येते, की नव्या गाड्यांच्या वायरीवरचे आवरण सोयाबीनपासून करतात म्हणून उंदीर ते खातात. अमेरिकेत काही मोटारमालकांनी या कारणावरून कंपन्यांवर दावेही लावले होते. कंपन्यांनी हे म्हणणे नाकारले. आपण सोयाबीनवाले असलो तरी त्याचा धसका घेण्याचे कारण नाही. वायरीत सोयाबीन येण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर वायरी कुरतडत आला आहे. होंडा कंपनीने मात्र मिरचीचा तिखटपणा भरलेली चिकटपट्टी वायरीवर गुंडाळण्यासाठी काढली आहे. अशी पट्टी मदत करते, पण शेजारचे पोते हलवल्याखेरीज तिच्या भरवशावर राहू नये.

हात घालण्यापूर्वी

बॉनेट दिवसाउजेडी उघडावे आणि हात घालण्याआधी काठीने सगळीकडे चाळवून पाहावे. जिथे उंदीर तिथे त्याच्या मागावर साप येतो. घोणस, मण्यार, नाग यांना इंजिनाखालचा आडोसा उंदराइतकाच आवडतो. मुलांना जवळ उभे करू नये. आत डिझेल-पेट्रोलची गळती असू शकते, तेव्हा विडी-काडी लांब ठेवावी.

बॅटरीची ऋण टोकाची, म्हणजे वजा खुणेची तार आधी सोडावी. सोललेल्या वायरीला पाना लागून ठिणगी पडली, तर वाळक्या घरट्याला पेट घ्यायला वेळ लागत नाही.

घरट्याला उघड्या हाताने शिवू नये. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी पिसवांचा सुळसुळाट, मेलेले उंदीर आणि गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. पाठोपाठ सुरतेत प्लेगची घबराट उडाली. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत साठलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे एक कारण तेव्हा सांगितले गेले. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधतात. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू हाताच्या जखमेवाटे माणसात जातात.

म्हणून रबरी हातमोजे घालावेत. ते नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. नाकातोंडाला दुहेरी फडके लावावे. घरट्यावर साबणाचे किंवा जंतुनाशकाचे पाणी हलके शिंपडून दहा मिनिटे थांबावे, मग काठीने उचलून पिशवीत भरावे आणि खोल पुरावे. कोरड्या केरसुणीने झाडू नये, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. सुकलेल्या लेंड्यांची धूळ थेट छातीत जाते. डायनॅमो, सेल्फ आणि वायरींच्या जोडांवर पाण्याचा मारा करू नये. काम झाल्यावर हात आणि कपडे साबणाने धुवावेत. पुढे आठ-पंधरा दिवसांत ताप आला, अंग दुखू लागले, तर डॉक्टरांना उंदरांची साफसफाई केल्याचे आवर्जून सांगावे.

कुठे काय पाहावे?

पहिला मान एअर क्लिनरचा. ऑईलचे भांडे असलेला क्लिनर असेल तर भांडे काढून त्यात भुसा, दाणे, केस आहेत का पाहावे. डिझेलने धुवावे आणि खुणेपर्यंत नवे ऑईल भरावे. कागदी फिल्टर असेल आणि तो कुरतडलेला असेल, तर बदलावा. त्यावर फडके बांधून काम भागवू नये. क्लिनरपासून इंजिनापर्यंतची नळी हाताने सगळीकडून चाचपावी. डोळ्याला वरचीच बाजू दिसते, भोक खाली असते.

त्यानंतर रेडिएटर. पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या जागेत काडीकचरा, पाचट, चिंध्या साठतात. इंजिन थंड असताना त्या उपसाव्यात. जाळीत अडकलेला भुसा पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, बेताच्या धारेने काढावा. फार जोराच्या धारेने जाळीच्या पात्या मुरगळतात. पंख्याचा पट्टा फिरवून कुरतडलेला आहे का पाहावा.

मग वायरी. बॅटरीपासून सुरुवात करून एकेक वायर बोटाने धरत शेवटापर्यंत जावे. पाण्याच्या उष्णतेचा आणि ऑईलच्या दाबाचा काटा चालवणाऱ्या वायरी बारीक असतात आणि नेमक्या त्याच तुटतात. गाडी सुरू होते, चालते, पण काटा मेलेला असतो. इंजिन तापले तरी तो काही सांगत नाही. सोललेली वायर नुसती पिळून वर पट्टी गुंडाळू नये. तुकडा कापून, डाग देऊन, वर आवरणाची नळी चढवावी. फ्यूज गेला तर त्याच मापाचा घालावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे आगीला आवतण देणे होय. नव्या मोटारीत वायरींचा जुडगा आणि संगणकाचे डबे असतात. तिथे घरगुती जोडाजोड न करता जाणत्या मिस्त्रीला बोलवावे.

चौथी पाहणी इंधनाची आणि ब्रेकची. जादा डिझेल टाकीकडे परत नेणारी रबरी नळी बारीक असते आणि उंदराच्या वाटेत असते. सगळ्या नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, अर्ध्या तासाने पुन्हा हात फिरवावा. ओल लागली तर गळती आहे. जीप-मोटारीत चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात आणि जागेवरच ब्रेक दाबून पाहावा. तो हळूहळू खाली बसत गेला तर गाडी दारातून हलवू नये.

शेवटी सायलेन्सर. धुराड्यात कागद, काडी किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर असते. सायलेन्सरच्या वरच्या बाजूला, तापणाऱ्या नळीलगत राहिलेली एक मूठ चिंधीसुद्धा दहा मिनिटांत धुमसू लागते.

हे सारे झाल्यावर बॅटरी जोडावी. इंजिन उघड्या जागेत, बॉनेट उघडे ठेवूनच सुरू करावे आणि दहा-पंधरा मिनिटे एका माणसाने तिथून हलू नये. कोरड्या मातीच्या दोन पाट्या भरून ठेवाव्यात. जळका वास आला तर इंजिन बंद करावे. डिझेलच्या किंवा वायरीच्या आगीवर पाणी न ओतता माती टाकावी. विहिरीवरच्या विजेच्या पेटीत उंदराचे घरटे दिसले, तर खालून प्रवाह बंद झाल्याखेरीज आणि वायरमन आल्याखेरीज पेटी उघडू नये.

औषध इंजिनात नको, बाहेर हवे

बॉनेटखाली विषाचा तुकडा ठेवण्याची चाल आहे, ती सोडावी. विष खाल्लेला उंदीर नळीत किंवा डॅशबोर्डमागे मरतो आणि महिनाभर गाडीत बसवत नाही. तुकडा खाली पडला तर कोंबडी, कुत्रे, प्रसंगी मूल तो उचलते. डांबर गोळ्या, तंबाखूची पाने, फिनाईल यांचा वास चार दिवस राहतो, मग उंदीर त्याला सरावतो. गाडीजवळ सगळ्यांत बरा तो साधा पिंजरा किंवा सापळा. तो भिंतीच्या कडेला लावावा, कारण उंदीर भिंतीला अंग घासत चालतो.

विषाची गरज शेतात आणि बांधावर आहे. ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या परवानाधारक दुकानातून घेऊन बिळाच्या आत सरकवाव्यात. त्याने उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून इतर उंदीर बिचकत नाहीत. झिंक फॉस्फाइड जहाल आहे, त्यावर उतारा नाही. ते वापरायचेच तर कृषी सहायकाला विचारून, आधी दोन-तीन दिवस साधा भरडा खाऊ घालून, मगच. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून जीवघेणा वायू निघतो. घराजवळ, गोठ्याजवळ, वाहनाजवळ त्या कधीही वापरू नयेत. कुणाच्या पोटात विष गेल्याची शंका आली, तर घरगुती उपाय करत न बसता पाकिटासकट दवाखाना गाठावा. मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत, नाहीतर घारी-घुबडे आणि कुत्री ते खाऊन मरतात.

एकट्याने आपले वावर साफ केले तर शेजारच्या बांधावरचे उंदीर महिन्याभरात तिथे येतात. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सात-आठ पिले घालते. तेव्हा मोहीम गावाने मिळून, उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या आधी करावी. त्या वेळी रानात खायला कमी असते आणि बिळे स्पष्ट दिसतात.

निघण्यापूर्वीचे काम

उंदीर वाढल्याचा पहिला सुगावा घरातल्या बायांना लागतो. पोत्याच्या कोपऱ्याखाली दाणे सांडलेले, फळीवर लेंड्या, ज्वारीला उग्र वास. ही खबर त्यांनी सांगितली की त्याच दिवशी यंत्राकडेही जावे. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे. पोती असतील तर फळीवर, भिंतीपासून दोन फूट सोडून रचावीत. धान्य आणि यंत्र एका छपराखाली नसावे. मळणी झाली की ट्रॅक्टर झाडून, पुसून, दाणा न दाणा काढूनच उभा करावा. बनीम, पाचटाचा ढीग, सरपण यांपासून लांब, मोकळ्या साफ जागेवर तो लावावा.

सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा पालथा घालावा. हवा घेण्याच्या तोंडाला पाव इंची जाळी बांधावी, कारण बोट जाईल एवढ्या फटीतूनही उंदराची पिले सहज शिरतात. डबा आणि जाळी बांधल्याची आठवण म्हणून स्टीअरिंगला लाल चिंधी बांधून ठेवावी. बाहेरगावी जाणाऱ्यांनी बॅटरीची तार सोडावी आणि घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किंवा शेजाऱ्याला एक काम सांगून जावे : आठवड्यातून एकदा झाकण उचलून पाहायचे. उघड्या, उजेडाच्या आणि वरचेवर हात लागणाऱ्या जागी उंदीर पिले घालत नाही. जो घरीच आहे त्याने आठवड्यातून एकदा, आधी पाहून, इंजिन पंधरा मिनिटे चालवावे आणि यंत्राची जागा चार हात बदलावी. गाडीचा विमा असेल तर उंदराचे नुकसान त्यात बसते का, हे लेखी विचारून ठेवावे. नुकसान झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

या सगळ्याला पैसा फार लागत नाही. कर्ज काढून घेतलेल्या यंत्रासाठी पाडव्याला परत आल्यावर अर्धा दिवस खुशाल मोडावा. तो पेरणीच्या चार दिवसांपेक्षा स्वस्त पडतो.