घरी राहून प्रजनन-आरोग्याचा उच्च अभ्यास

लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षांचे दार बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुले केले. विद्यार्थी कोणत्या गावी राहतो, कोणत्या महाविद्यालयात जातो, हे न पाहता त्याचा अभ्यास झाला आहे की नाही एवढेच पाहावयाचे, असा तो निर्णय होता. त्या काळी शिकणाऱ्याचा आधार पुस्तके आणि टपाल हाच होता. आज त्यांची जागा संगणकाने व भ्रमणध्वनीने घेतली आहे. आणि त्याच विद्यापीठाच्या घरबसल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता असा एक विषय आला आहे, की ज्याचे नाव पूर्वी चारचौघांत उच्चारणेही कठीण होते. लैंगिक व प्रजनन-आरोग्य हा तो विषय होय.

बेळगावच्या रुग्णालयातील एखाद्या परिचारिकेने, इंदूरच्या शाळेतील शिक्षिकेने किंवा मडगावच्या सेवासंस्थेतील कार्यकर्त्याने नोकरी व घरदार न सोडता ही पदवी घ्यावयाची म्हटले, तर त्यात नेमके काय शिकावयाचे असते? आणि ते शिकून कोणाचे भले होते? या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही पदवी घेणारा मनुष्य डॉक्टर होत नाही. त्याला औषध लिहून देता येत नाही की शस्त्रक्रिया करता येत नाही. रोगावर उपाय ठाऊक असूनही तो उपाय माणसापर्यंत का पोहोचत नाही, हे शोधून काढण्याचे शिक्षण त्याला मिळते. बाळंतपणात स्त्रिया दगावतात त्या बहुधा औषध अस्तित्वातच नाही म्हणून नव्हे. औषध एका ठिकाणी आणि बाई दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती असते म्हणून त्या दगावतात.

या विषयाची आजची व्याख्या १९९४ साली कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या व विकास परिषदेत ठरली. १७९ देशांनी मान्य केलेल्या तेथील कृतिकार्यक्रमात प्रजनन-आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शरीर, मन व समाजजीवन या तिन्ही दृष्टींनी पूर्ण स्वास्थ्य, असे म्हटले आहे. मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्यही त्यात येते. भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जगातील हा पहिलाच असा सरकारी कार्यक्रम. परंतु पुढे दीर्घकाळ त्याचे यश किती शस्त्रक्रिया झाल्या यावरच मोजले जात असे. १९९६ साली वरून ठरवून दिलेली ही संख्येची उद्दिष्टे रद्द करण्यात आली. मोजमाप बदलले की कामही बदलते, हा या अभ्यासाचा पहिला धडा आहे.

म्हणूनच अभ्यासाचा आरंभ मोजण्यापासून होतो. एक लाख जिवंत जन्मांमागे गर्भारपण व बाळंतपण यांमुळे किती माता मृत्यू पावल्या, या आकड्यास मातामृत्यूचे प्रमाण म्हणतात. २०१८ ते २०२० या काळातील नमुना नोंदणी पाहणीनुसार हा आकडा मध्य प्रदेशात १७३, कर्नाटकात ६९, गुजरातेत ५७, तेलंगणात ४३ व महाराष्ट्रात ३३ होता. केरळात तो १९ होता. म्हणजे ग्वाल्हेर-इंदूर ज्या राज्यात आहेत तेथे आई होण्याचा धोका केरळच्या नऊपट. गोव्यासारख्या लहान राज्याचा आकडा या पाहणीत स्वतंत्र दिलेला नाही. कारण जेथे बाळंतपणेच थोडी, तेथे एक-दोन मृत्यूंनीही प्रमाण भलतेच वरखाली होते. तसेच हा हिशेब एकूण गर्भवतींवर न मांडता जिवंत जन्मांवर का मांडतात? गर्भपात होऊन गेलेल्या सर्वच स्त्रियांची नोंद कोठे होत नाही, म्हणून. आकडा वाचताना तो कशाने भागला आहे हे विचारण्याची सवय लागली, की वर्तमानपत्रातील अर्ध्याअधिक ठोकळ विधानांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

मोजून झाल्यावर कारणांचा शोध. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन संशोधिकांनी १९९४ साली मांडलेला ‘तीन विलंबां’चा विचार या अभ्यासात सर्वत्र शिकविला जातो. बाळंतिणीला अतिरक्तस्राव होऊ लागला, तर दवाखान्यात न्यावे हे ठरविण्यात पहिला विलंब होतो. नवरा परगावी, पैसा सासऱ्यांच्या हाती, आणि ‘आमच्या वेळी नव्हते हो असले काही’ हे शेजारणीचे उद्गार. दुसरा विलंब वाटेत होतो. वाहन मिळत नाही, रस्ता धड नसतो. तिसरा विलंब रुग्णालयाच्या आत होतो. डॉक्टर हजर नसतात किंवा रक्ताची पिशवी शिल्लक नसते. एखादा मृत्यू घडला की घरचे दवाखान्यास व दवाखाना घरच्यांस दोष देतो. कोणता तास कोठे वाया गेला हे शांतपणे मांडून पाहिले, तरच पुढची बाई वाचविण्याचा मार्ग सापडतो.

तिसरा भाग कार्यक्रमांच्या परीक्षणाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत असे आढळले की १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी गर्भनिरोधनासाठी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीची नसबंदी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ०.३ टक्के होत्या. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून लहान व सुरक्षित असते, तिच्यात पोट उघडावे लागत नाही. मग हा भार एकाच बाजूला का? पुरुषाची शक्ती जाते हा समज, आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीची आठवण, आणि स्त्री प्रसूतीसाठी दवाखान्यात आलेलीच आहे तर उरकून टाकावे ही सोय, अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. विद्यार्थ्याने ती उलगडून, कोणत्या गाठीवर प्रथम हात घालता येईल हे लिहून दाखवावयाचे असते.

परंतु या सर्वांहून कठीण भाग आहे तो विचारण्याचा व ऐकण्याचा. त्याचा उत्तम नमुना मराठी मुलखातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन गडचिरोली जिल्ह्यात काम सुरू केले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही विकार आढळला. त्यांतील केवळ ८ टक्के स्त्रियांची तशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. हे दुखणे नवे नव्हते. ते कोणी विचारले नव्हते, एवढेच. ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘पिशवी खाली येते’, ‘दिवस गेले’, ‘पाळी चुकली’ असे शब्द आपल्या बायाबापड्यांजवळ पिढ्यान् पिढ्या आहेत. ज्याला हे शब्द समजत नाहीत, त्याला लंडनची पदवी असूनही बाईचे म्हणणे समजणार नाही.

येथेच घरी राहून शिकण्याचा खरा लाभ दिसतो. परदेशी जाऊन शिकणाऱ्याला आपले गाव आठवून लिहावे लागते; घरी शिकणाऱ्याचे गाव रोज त्याच्या डोळ्यांपुढे असते. रात्री वाचलेले ‘तीन विलंब’ परिचारिकेला दुसऱ्या दिवशी आपल्याच दवाखान्यात दिसतात. मात्र रुग्णांच्या नोंदवह्या उघडून परस्पर निबंध लिहिण्याची मुभा तिला नसते. त्यासाठी नीतिसमितीची अनुमती लागते आणि रुग्णाचे नाव गुप्त ठेवावे लागते. लाजेच्या विषयात गुप्तता मोडली, की पुढे कोणी तोंड उघडत नाही. शिक्षिकेपुढची अडचण आणखी बिकट आहे. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोठे जपावयाची आणि कोठे कळवावयाची, याचा निर्णय आयत्या वेळी सुचत नाही. त्याचा अभ्यास आधीच झालेला असावा लागतो.

आता परिश्रमांचा हिशेब. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवीस १८० श्रेयांक लागतात आणि एक श्रेयांक म्हणजे सुमारे दहा तासांचा अभ्यास. एकूण १८०० तास झाले. आठवड्यास दहा तास काढले तर साडेतीन वर्षे लागतात. ६० श्रेयांकांवर प्रमाणपत्र व १२० वर पदविका देण्याची तेथे पद्धत आहे. त्यामुळे वाट अर्ध्यात सुटली तरी केलेले सर्व श्रम फुकट जातातच असे नाही. शिक्षण इंग्रजीत, शुल्क परकीय चलनात, आणि घरात एकच खोली असेल तर या विषयावरील व्याख्यान सर्वांदेखत ऐकण्याचा संकोच, या अडचणीही लहान नाहीत.

त्याचबरोबर दोन गोष्टी प्रवेशापूर्वीच पाहाव्यात. वैद्यक व परिचर्या यांच्या पदव्या दूरशिक्षणाने देण्यास भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे; तेव्हा ‘घरबसल्या रुग्ण तपासण्याचा अधिकार’ देऊ करणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. दुसरे असे की, परदेशी विद्यापीठाची घरबसल्या घेतलेली पदवी सरकारी नोकरीत वा बढतीत धरली जाईलच असे नाही. संबंधित कार्यालयाकडून ते लेखी विचारून घ्यावे. मुंबईत १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था जवळच आहे. वर दिलेले कुटुंब-आरोग्य पाहणीचे आकडे त्याच संस्थेच्या कामातून आलेले आहेत. तिच्या अभ्यासक्रमांचीही चौकशी अवश्य करावी.

पदवी हाती आल्यावर एक काम उरते, ते भाषांतराचे. इंग्रजीत शिकलेले मराठीत सांगावे लागते, तेही ऐकणाऱ्याची मान खाली न जाईल अशा रीतीने. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय मराठीत मांडला. त्यासाठी त्यांना नोकरी गमवावी लागली, खटले सोसावे लागले. आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्याएवढी किंमत मोजावी लागत नाही. दहावीच्या वर्गातील मुलींना पाळीविषयी, मुलांना संमतीविषयी, आणि नव्या सुनेच्या सासूला पहिल्या तासाच्या मोलाविषयी सरळ शब्दांत सांगता आले, तर १८०० तासांचे श्रम कारणी लागले असे समजावे.