भागीदारीत स्त्री : सहीपुरती नको, सल्ल्यासाठी हवी

मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असलीच पाहिजे, असा नियम २०१३ च्या कंपनी कायद्याने घातला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तो लागू आहे. अनेक मालकांनी पत्नीचे किंवा मुलीचे नाव घालून त्याची पूर्तता केली. म्हणून सेबीने १ एप्रिल २०२० पासून पहिल्या १००० कंपन्यांना एक स्वतंत्र, म्हणजे मालकाच्या घराबाहेरची, स्त्री संचालक सक्तीची केली.

मीरा-भाईंदरच्या छोट्या कारखानदाराचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. आपल्याकडेही भागीदारीच्या कागदावर घरातील स्त्रीचे नाव असते. कारखान्याच्या कारभारात तिला कोणी विचारत नाही.

पुण्याचे उदाहरण

बॉयलर बनविणाऱ्या पुण्याच्या थरमॅक्स कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा १९९६ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी अनू आगा अध्यक्षा झाल्या. २००० च्या सुमारास कंपनी तोट्यात आली. तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, घरच्या मंडळींना कार्यकारी पदांवरून दूर केले, स्वतंत्र संचालक आणले आणि ऊर्जा व पर्यावरण या मूळ कामावर भर दिला. २००४ मध्ये त्यांची कन्या, केमिकल इंजिनियर मेहेर पदमजी, अध्यक्षा झाल्या. वाया जाणाऱ्या उष्णतेवर गारवा निर्माण करणारी यंत्रे, भाताच्या तुसावर चालणारे बॉयलर, सांडपाणी शुद्ध करणारी संयंत्रे हा या कंपनीचा धंदा आहे. दुसऱ्याचा कचरा हेच तिचे गिऱ्हाईक!

स्त्रिया आल्या म्हणून कंपनी आपोआप स्वच्छ होते, असे मात्र नाही. स्त्री संचालक असलेल्या कंपन्या पर्यावरणाकडे अधिक लक्ष देतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसते; पण चांगल्या कंपन्याच स्त्रियांना आधी घेतात, असेही असू शकते. एवढे खरे की, एकटी आणि नावापुरती असलेली स्त्री फारसे काही बदलू शकत नाही.

जबाबदारी सहीबरोबर येते

१९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात ‘कंपनी’ म्हणजे भागीदारी फर्मही आणि ‘संचालक’ म्हणजे भागीदारही. संमती किंवा हेळसांड सिद्ध झाली तर भागीदारावर कारवाई होऊ शकते. कारखान्याचे ॲसिडचे पाणी गटारात सोडले आणि पुढे ते खाडीला मिळाले, तर नोटीस घरातील बहिणीच्या किंवा पत्नीच्या नावानेही येऊ शकते. जिला काही विचारले नाही तिला जबाबदार धरायला लावणे हा अन्याय आहे.

काय करावे?

१) स्त्री भागीदाराला दरमहा वीज, पाणी, ॲसिड आणि भंगाराचा हिशेब दाखवा. घरखर्च चालविणाऱ्या नजरेला गळती लवकर दिसते.

२) प्लेटिंग किंवा ॲसिडधुलाईनंतर माल टाकीवरच थोडा वेळ निथळू द्या. महागडे रसायन टाकीत परत पडते.

३) धुण्याच्या दोन-तीन टाक्या ओळीने ठेवा. ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडा आणि ते उलट दिशेने पहिलीकडे वाहू द्या. माल घाणीकडून स्वच्छाकडे जातो, पाणी स्वच्छाकडून घाणीकडे येते. त्यामुळे पाणी फार कमी लागते आणि शुद्धीकरणाचा खर्चही घटतो.

४) प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत व अटी तिला वाचून दाखवा. सही त्यानंतर घ्या.

हजरत खदीजा (रजि.) यांनी स्वतःचा माल प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर शामला पाठविला होता. भांडवल त्यांचे होते आणि निर्णयही त्यांचाच. स्त्रीच्या व्यापारी सल्ल्याला कमी लेखणे ही आपली परंपरा नव्हे. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, दीनने नापसंत केली आहे. गटारात वाहून जाणारे रसायन ही उधळपट्टीच होय. भागीदारीचा दस्त पुन्हा काढून पाहा. त्यात ज्या स्त्रीचे नाव असेल, तिला या महिन्याचा हिशेब दाखवा.